चिंचोके, गठ्ठे आणि एकोणसत्तर : पहिली-दुसरीला संख्या शिकवणार असाल तर

डी.एल.एड. या शिक्षक पदविकेच्या मुलामुलींचे, म्हणजे छात्राध्यापकांचे, सराव पाठ पाहायला मी जाते. पहिलीच्या गणिताचा पाठ बहुतेक एकाच साच्यातला असतो. फळ्यावर १ ते १० अंक, प्रत्येकाखाली तेवढी फुले नाहीतर फुगे, आणि मग 'सगळ्यांनी म्हणा'. मुले बेंबीच्या देठापासून ओरडतात. निरीक्षणाच्या वहीत 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम' असा शेरा पडतो. पण त्या तासाला संख्या शिकवली गेलेली नसते. आरती तोंडपाठ असलेल्या पाच वर्षांच्या पोराला आरतीचा अर्थ विचारून बघा, तसलाच हा प्रकार.

माझी नोकरी जुन्नर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांत गेली आणि त्यात पहिली-दुसरीच जास्त वाट्याला आली. वरचे वर्ग मागून घेणारे पुष्कळ असतात, पहिली कुणाला नको असते. चौथीत वजाबाकी चुकणाऱ्या मुलाचा माग काढत मागे गेलात तर तो बहुतेक वेळा पहिलीतल्या दहाच्या गठ्ठ्यापाशीच येऊन थांबतो. म्हणून उद्या पहिलीवर उभे राहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

'मोज' सोपे, 'दे' अवघड

सात चिंचोके मुलासमोर पसरा आणि विचारा, 'किती आहेत?' मूल बोट ठेवत मोजेल, एक, दोन, तीन... सात. लगेच पुन्हा विचारा, 'मग किती आहेत?' ज्याला कळले आहे ते 'सात' म्हणून मोकळे होईल. ज्याला कळलेले नाही ते परत एकपासून मोजायला लागेल. त्याच्या लेखी 'किती' म्हणजे मोजायला सुरुवात करण्याचा हुकूम. शेवटी उच्चारलेला शब्द अख्ख्या ढिगाचा असतो, हे त्याला अजून उमगलेले नाही.

आता ढीग त्याच्याकडे सरकवा आणि म्हणा, 'मला पाच दे.' मोजताना वस्तू संपल्या की आपोआप थांबता येते. देताना पाच हा आकडा डोक्यात धरून आपले आपण थांबावे लागते. पन्नासपर्यंत घडाघडा म्हणणारी मुले इथे मूठ भरून देतात. जूनमध्ये प्रत्येक मुलाला एकेकटे जवळ बसवून एवढे दोनच प्रश्न विचारा. पुढचे पाठ टाचण, म्हणजे पाठाचे नियोजन, कुणासाठी काय लिहायचे ते तिथेच कळते.

रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची पाच तत्त्वे मांडली. ती घोकण्यापेक्षा मूल मोजत असताना त्याच्या बोटाकडे आणि तोंडाकडे बघून ओळखायला शिका. बोट एका चिंचोक्यावर आणि तोंडातून दोन शब्द गेले, किंवा 'अ-क-रा' म्हणताना बोटाने तीन चिंचोके ओलांडले, तर एकास एक जोडी अजून पक्की नाही. आज 'पाच, सहा, आठ' आणि उद्या 'पाच, आठ, सहा' असेल तर क्रम बसलेला नाही. शेवटचा शब्द म्हणजे एकूण, हे वर आलेच. चिंचोके मोजणारे मूल टाळ्या किंवा उड्या मोजताना अडखळत असेल, तर कशाचीही मोजणी करता येते हे त्याला ठाऊक नाही. उजवीकडून, डावीकडून किंवा मधूनच सुरुवात केली तरी उत्तर तेच येते, हे सर्वांत उशिरा येते. ते सांगून कळत नाही. तेच चिंचोके चार बाजूंनी मोजून मुलाला स्वतःला आश्चर्य वाटावे लागते.

झां पियाजे यांचा दोन रांगांचा प्रयोग तुम्ही बालमानसशास्त्रात वाचला असेल. वर्गात तो जरूर करा. सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडा. मग एक रांग फाकवून लांब करा. 'आता जास्त कुठे?' अनेक मुले लांब रांगेकडे बोट दाखवतात. इथे छात्राध्यापक लगेच समजावत सुटतात. समजावू नका. 'प्रत्येकाला जोडीदार मिळतो का बघ' एवढेच म्हणा आणि हात मागे घ्या.

वर्गीकरण, लहान-मोठे लावणे, कमी-जास्त ओळखणे ही पूर्वतयारी अंगणवाडीत झालेली असली तर आठवडाभर पुरे. झालेली नसेल तर महिना द्या.

नऊपर्यंत घाई नको

५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान सुरू झाले, मुलांचे पायाभूत वाचन आणि गणित पक्के व्हावे म्हणून. त्यात पहिलीच्या मुलाने ९९ पर्यंत, दुसरीच्याने ९९९ पर्यंत आणि तिसरीच्याने ९९९९ पर्यंत संख्या वाचाव्यात-लिहाव्यात असे लक्ष्य आहे. लक्ष्य वाचून शिक्षक घाबरतात आणि जुलैतच पन्नासपर्यंत पोचतात. माझे मत उलटे आहे. नऊपर्यंतच्या संख्या सावकाश घ्या, दहाचा गठ्ठा त्याहून सावकाश घ्या, मग वीस ते नव्व्याण्णव झपाट्याने होतात.

नऊपर्यंत दोन गोष्टी पक्क्या झाल्या पाहिजेत. पहिली, न मोजता ओळखणे. फाशावरचे पाच ठिपके आपण मोजत नाही, बघताच पाच म्हणतो. पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर एक ते सहा ठिपके काढा आणि क्षणभर दाखवून लपवा. सुरुवात तीन ठिपक्यांपर्यंतच करा. ठिपक्यांची मांडणी बदलत राहा, नाहीतर मुले चित्र पाठ करतात.

दुसरी गोष्ट म्हणजे संख्येची फोड. सात चिंचोके मोजून घ्या, त्यातले काही वाटीखाली झाका, चार बाहेर दिसू द्या. 'आत किती?' या एका खेळावर पंधरा दिवस सहज निघतात. सात म्हणजे चार आणि तीन, पाच आणि दोन, सहा आणि एक. हे हाडीमाशी खिळले की पुढची बेरीज-वजाबाकी निम्मी झाली असे समजा. मूल बोटांवर मोजत असेल तर मोजू द्या. बोटे मारून बंद करणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात मुले बाकाखाली बोटे मोजतात, एवढाच काय तो फरक पडतो.

अंक लिहायला सगळ्यात शेवटी घ्या. देवनागरीत ३ आणि ६ एकमेकांचे आरशातले रूप, तर १ आणि ९ लांबून सारखेच दिसतात. अशा जोडीतले दोन अंक एकाच दिवशी शिकवू नका, मध्ये आठवडा जाऊ द्या. सेमी इंग्रजीच्या वर्गात मुलाला दोन लिप्यांतले अंक सांभाळायचे असतात, तिथे तर एक लिपी बसल्याशिवाय दुसरीला हात लावू नये.

शून्य कधी शिकवायचे, यावर छात्राध्यापकांच्या वर्गात नेहमी वाद होतो. मी नऊ झाल्यावर शिकवते. पाच चिंचोके वाटीत ठेवायचे आणि एकेक काढत जायचे, पाच, चार, तीन, दोन, एक, आणि रिकामी वाटी. 'आता किती?' मुले म्हणतात 'काहीच नाही' किंवा 'संपले'. त्या 'काहीच नाही'ला लिहायचे चिन्ह म्हणजे ०. गणितज्ञ ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्याची बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम लिहिले. त्याच्यासाठी शून्य ही स्वतंत्र संख्या होती. 'शून्याला किंमत नसते' हे वाक्य मात्र वर्गात कधीही उच्चारू नका. तुमचाच विद्यार्थी पुढे ४०५ लिहिताना ते शून्य गाळून ४५ लिहील.

गठ्ठा मुलाने बांधायचा

आइस्क्रीमच्या काड्या किंवा बाजरीच्या सरमाडाचे सारखे तुकडे आणा. दहा काड्या मोजायच्या आणि रबर लावायचा. हे काम मुलाने करायचे आहे. शिक्षक घरून तयार गठ्ठे आणतात, कारण वेळ वाचतो. पण तयार गठ्ठा मुलाला एक जाड काडी वाटते. 'यात किती?' विचारले की 'एक' म्हणते. स्वतः बांधलेला गठ्ठा एकाच वेळी एक गठ्ठाही असतो आणि दहा काड्याही. दशमान पद्धतीचा सगळा जीव या दुहेरी नजरेत आहे.

तीन गठ्ठे आणि चार सुट्ट्या. 'किती?' काही मुले एक-दोन-तीन-चार-पाच-सहा-सात मोजून 'सात' म्हणतात. रागवू नका, गठ्ठा सोडायला सांगा. काही जण चौतीसच्या चौतीस काड्या एकेक मोजतात. त्यांना अजून गठ्ठ्यावर भरवसा नाही. 'दहा, वीस, तीस, एकतीस...' असे म्हणणारे मूल पुढे सरकले. ३४ मध्ये दशकस्थानी कोणता अंक आहे, हे विचारून यातले काही कळत नाही. डावीकडचा अंक सांगायला काय लागते? '३४ बोरे आहेत, दहा-दहाच्या पिशव्या भरायच्या, किती भरतील आणि किती उरतील?' असे विचारा.

शेकड्यावर गेलात की एक चूक हमखास येते. 'एकशे पाच' सांगितले की मूल १००५ लिहिते. 'दोनशे चौतीस' सांगितले की २००३४. तांबडी शाई काढण्याआधी त्याने काय केले ते पाहा. त्याने शंभर लिहिले आणि पुढे पाच लिहिले. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांचा दोन हजार वर्षांहून जुना शिलालेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेले आहेत. तिथे दहाचे चिन्ह वेगळे, शंभराचे वेगळे, हजाराचे वेगळे, आणि ती चिन्हे शेजारी-शेजारी मांडून संख्या होते. शून्य नाही, स्थानावरून किंमत बदलणेही नाही. आपले दुसरीतले मूल नेमके त्याच रीतीने विचार करते आहे. ती रीत चुकीची म्हणायची नाही, पण आपली लिहिण्याची रीत निराळी आहे हे त्याला दिसले पाहिजे.

त्यासाठी पुठ्ठ्याची कार्डे करा. १०० चे कार्ड तीन अंक रुंद, १० चे दोन अंक, १ चे एक अंक. १०० च्या कार्डावर उजवी कड जुळवून ५ चे कार्ड ठेवले की १०५ दिसते आणि खाली शंभर झाकलेले राहतात. कार्ड उचलायचे, झाकायचे, परत उचलायचे. स्थानिक किंमत आणि दर्शनी किंमत या व्याख्या चौथीत गेल्यावर सांगितल्या तरी चालतील. ४०५ मधल्या ४ ची दर्शनी किंमत ४ आणि स्थानिक किंमत ४००, हे मुलाने कार्ड उचलून आधीच पाहिलेले असते.

पंचेचाळीस ऐकून ५४ का लिहितात

मराठीत एकवीसपासून पुढे कानावर आधी एकक येतो, नंतर दशक. लिहिताना मात्र दशक आधी. पंचेचाळीस ऐकलेले मूल पाच पकडते, ५ लिहून टाकते, मग ४ लिहिते. यावर उपाय सोपा आहे. पूर्ण शब्द संपेपर्यंत पेन्सिल उचलायची नाही आणि आधी शब्दाचे शेपूट ऐकायचे. -वीस, -तीस, -चाळीस, -वन्न किंवा -पन्न, -सष्ट, -हत्तर, -ऐंशी, -ण्णव. शेपूट दशक सांगते. तो अंक आधी लिहा, मग डोके ऐकून एकक. 'त्रेसष्ट', शेपूट सष्ट, म्हणून ६, डोके त्रे, म्हणून ३. आठ शेपटांचा तक्ता भिंतीवर लावा. शहात्तर, शहाऐंशी आणि शहाण्णव ही तीन नावे एकमेकांत घुसतात, त्यांचा वेगळा सराव घ्या.

'एकोण'चे घराणे मात्र या नियमाला चकवते. एकोणसत्तर सांगितले की ७९ किंवा ७१ येते, कारण कानाला सत्तर ऐकू आले. या संख्या शतक तक्त्यावर, म्हणजे १ ते १०० च्या चौकटींच्या तक्त्यावर, शिकवा. तीसच्या एक घर मागे एकोणतीस, चाळीसच्या एक घर मागे एकोणचाळीस. मुलाने पुढच्या दशकावर बोट ठेवायचे आणि एक घर मागे सरकायचे. एकोणऐंशीपर्यंत हे बिनचूक चालते. ८९ ला कुणी एकोणनव्वद म्हणते, कुणी नव्याऐंशी. ९९ ला नव्याण्णव. हे जसे आहे तसे सांगून टाका, कारणे शोधत बसू नका.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन आले आणि गहजब झाला. विधानसभेपर्यंत चर्चा गेली, टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने मुले अडतात, हे कारण सांगितले होते. वर्गात उभे राहिलेल्याला ते कारण पटते. 'सत्तर पाच म्हणजे पंच्याहत्तर' अशी जोडी मी त्याआधीपासून लावत आले. मात्र 'सत्तर पाच'वर सोडून देऊ नका. बाजारात भाव पंच्याहत्तर असाच ऐकू येणार आहे, आणि घरात विसाविसाने मोजणारी आजी असेल तर तिचा हिशेब आणखी तिसराच.

४२ मधून १७

उभ्या मांडणीत हे गणित दिले की ३५ हे उत्तर वर्गात निम्म्यांकडून येते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन वजा केले. हे मूल आळशी नाही. त्याच्या डोळ्यांपुढे ४२ नाहीच, ४ आणि २ आहेत.

चार गठ्ठे, दोन सुट्ट्या काड्या द्या आणि म्हणा, 'यातल्या मला सतरा दे.' एक गठ्ठा देईल. मग सात द्यायला हाताशी दोनच. इथे थांबा. नवा शिक्षक या क्षणी बोलतोच बोलतो, तुम्ही बोलू नका. थोड्या वेळाने मूल रबर सोडते, दहा सुट्ट्या होतात, दोन मिळून बारा, त्यातल्या सात जातात. उरले दोन गठ्ठे, पाच काड्या. एखादे मूल, विशेषतः किराणा दुकान असलेल्या घरातले, वेगळेच करते. दोन गठ्ठे देते आणि म्हणते, 'बाई, तीन परत द्या.' तेही बरोबर आहे, सगळ्या वर्गाला दाखवण्यासारखे आहे. असे दहा-बारा वेळा काड्यांनी झाले की मगच मांडणी लिहा, आणि 'उसना घेतला' म्हणण्याऐवजी 'गठ्ठा सोडला' म्हणा. उसना घेतलेला दशक परत कधी द्यायचा, हा मुलांचा प्रश्न रास्त असतो.

बेरजेचा हातचा याच्या उलट. ८ आणि ५ मध्ये पाचातले दोन आठाला दिले, दहा झाले, रबर लावला, तीन उरले. वाटीचा खेळ खेळलेल्या मुलाला आठाला दोन लागतात हे सांगावे लागत नाही.

वजाबाकीची उदाहरणे मात्र एकाच जातीची देऊ नका. 'नऊ पेरू होते, चार खाल्ले' हे काढून घेणे. 'सायलीकडे नऊ, समीरकडे चार, कुणाकडे किती जास्त?' ही तुलना. 'चार आहेत, नऊ हवेत, अजून किती आणायचे?' हे भरून काढणे. तिन्हींचे गणित एकच, पण मुलाला ती तीन वेगळी वाटतात. 'उरले' शब्द दिसला की वजाबाकी आणि 'एकूण' दिसला की बेरीज, असली युक्ती शिकवणाऱ्यांनी फार नुकसान केले आहे.

= या चिन्हाचेही तेच. ३ + ४ = ☐ + २ हे विचारा. चौकटीत ७ लिहिणारी मुले चौथीतही भेटतात. त्यांच्यासाठी ते चिन्ह म्हणजे 'उत्तर लिही'. दोन्ही बाजू सारख्या, हे पहिलीतच दोन वाट्यांत चिंचोके ठेवून दाखवा. कधीमधी फळ्यावर ७ = ३ + ४ असेही लिहा.

तुमचे स्वतःचे

टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, पहिल्या पेपरात १५० पैकी ३० गुण गणिताला आहेत. त्यासाठी नैसर्गिक संख्या १ पासून, पूर्ण संख्या ० पासून, पूर्णांकांत ऋण संख्याही, अशा व्याख्या तुम्ही पाठ करताच. १ ही मूळ संख्या का नाही, असे विचारले की मात्र 'पुस्तकात तसे आहे' असे उत्तर येते. चिंचोके घ्या. बारा चिंचोक्यांचे आयत मांडा : बाराची एक ओळ, सहाच्या दोन, चारच्या तीन. सातांची एकच ओळ होते, दुसरा आयत होत नाही. सातला १ आणि ७ असे नेमके दोन विभाजक, म्हणून मूळ संख्या. एकाला एकच विभाजक, म्हणून तो मूळही नाही आणि संयुक्तही नाही. दोन ही एकमेव सम मूळ संख्या, तेही इथेच दिसते. सम-विषम तर पहिलीतच जमते, जोड्या लावायच्या आणि एकटा उरतो का पाहायचे.

साहित्याबद्दल शेवटचे. चिंचोके शेकड्यांनी लागतात. एप्रिलमध्ये चिंचा फोडल्या जातात तेव्हाच गावातून मागून घ्या, धुऊन कडक उन्हात वाळवा, नाहीतर पावसाळ्यात किडतात. रबर वर्षभरात तुटतात, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापल्या तर तीन-तीन वर्षे टिकतात. पण चकत्या रुंद कापा, बारीक कापल्या तर पहिलीच्या बोटांनी सुटत नाहीत. आणि सगळे साहित्य कपाटात कुलूप लावून ठेवू नका. मधल्या सुट्टीत मुले त्याच चिंचोक्यांनी खेळतात, चार-दोन हरवतात, तेवढे दरवर्षी नवे आणायचे.